मामाच्या डब्यातली दोन तिकिटं

नागपूरच्या जुन्या व्हीसीए ग्राउंडवर आता इंटरनॅशनल मॅच होत नाही. चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक आपल्याला पाठ आहे, गावसकरची सेंच्युरीसुद्धा. पण याच ग्राउंडच्या डायरीत आणखी एक तारीख आहे. ती मात्र आपण सहसा कुणाला सांगत नाही...

‘दरेकसा कुठं आलं गं?’ असं ऑफिसात कुणी विचारलं, की माझं उत्तर तयार असतं. मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसा. नागपूर जाऊ द्या, गोंदिया जाऊ द्या. खिडकीबाहेर डोंगर आणि जंगल सुरू झालं, की बोगद्याच्या अलीकडे एक चिमुकलं स्टेशन लागतं, ते दरेकसा! बोगद्यापलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात हाजरा फॉलला बाइक काढणाऱ्या ग्रुप्सना हे नाव माहीत असेल. बाकीच्यांना मोबाइलवरचा नकाशा बराच मोठा करावा लागतो. माझं आजोळ तिथलं.

मामा रेल्वेत पॉइंट्समन होता. आता रिटायर झालाय. त्याच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात आजीचं रेशनकार्ड आहे, त्याची स्वतःची नेमणुकीची ऑर्डर आहे आणि दोन क्रिकेट मॅचेसची तिकिटं आहेत. एक ३१ ऑक्टोबर १९८७चं, दुसरं २६ नोव्हेंबर १९९५चं. दोन्हींवर ग्राउंड तेच, पाहुणी टीमही तीच, न्यूझीलंड.

पहिल्या तिकिटाची गोष्ट मामानं आम्हा भाचरांना इतक्यांदा ऐकवलीय, की ती आम्हीच त्याला सांगू शकू. दुसऱ्या तिकिटाबद्दल तो कधीच बोलला नव्हता. गेल्या दिवाळीत मी विचारलं.

सगळ्यांच्या पायाखालचं ग्राउंड

पण आधी ग्राउंडबद्दल. तुमच्यापैकी जे नोकरीसाठी नागपुरात नवे आले असतील, त्यांच्या दृष्टीनं ‘नागपूरचं स्टेडियम’ म्हणजे वर्धा रोडवरचं जामठा. मिहानात जॉब असेल तर ऑफिसच्याही पुढं. मॅचच्या दिवशी हाफ डे टाकायचा, मेट्रोनं खापरीपर्यंत जायचं आणि पुढं मिळेल ते वाहन पकडायचं. गाडी काढली, तर पार्किंगपासून गेटपर्यंतची पायपीट वेगळीच.

जुनं व्हीसीए म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं ग्राउंड. ते थेट सिव्हिल लाइन्समध्ये, सदरला खेटून आहे. रेल्वे स्टेशनवर उतरून माणूस चालत चालत अर्ध्या तासात तिथं पोचतो. ऑफिसं, शाळा, बाजार सगळं आजूबाजूला. मॅचच्या दिवशी सदरमधला माणूस आवाजावरून सांगायचा, फोर गेली की विकेट पडली.

१९५६पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८च्या सीझनपासून विदर्भाची टीम रणजीत उतरली. राजधानी गेली, पण क्रिकेट आलं! पुढं ऑक्टोबर १९६९मध्ये या ग्राउंडला पहिली टेस्ट मिळाली. समोर न्यूझीलंड. पतौडीच्या टीमला ती मॅच अगदी सोपी वाटली असेल. झालं काय, तर आपण दुसऱ्या इनिंगमध्ये १०९ रन्समध्ये गुंडाळले गेलो आणि मॅच १६७ रन्सनं हरलो. न्यूझीलंडचा भारतातला हा पहिलावहिला टेस्ट विजय! दुसऱ्यासाठी त्यांना १९८८ची मुंबई टेस्ट यावी लागली आणि तिसऱ्यासाठी थेट २०२४ साल. म्हणजे पाहुण्यांनाही या ग्राउंडचं नाव विसरणं कठीण.

पहिलं तिकीट

१९८७. वर्ल्ड कप पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर, भारत आणि पाकिस्तानात. मामा तेव्हा बावीस वर्षांचा. गोंदिया जिल्हा तेव्हा अजून व्हायचा होता (तो झाला १ मे १९९९ला), त्यामुळे दरेकसा भंडारा जिल्ह्यात. आदल्या रात्री मामा आणि त्याचा दोस्त पॅसेंजर पकडून निघाले. सोबत आजीनं बांधून दिलेल्या पोळ्या आणि लसणाची चटणी. पहाटे नागपूर स्टेशन. नळावर तोंड धुतलं, टपरीवर चहा घेतला आणि चालत थेट ग्राउंड. लॉज नाही, रिक्षा नाही. सगळा खर्च काय तो तिकिटाचा.

त्या मॅचचं गणित मजेशीर होतं. आपण सेमीफायनलला पोचलो होतो, प्रश्न होता तो कुठं खेळायची याचा. ग्रुपमध्ये ऑस्ट्रेलियाच्या वर राहायचं तर नुसतं जिंकून भागत नव्हतं, रनरेटही हवा होता. वर राहिलो तर सेमीफायनल मुंबईत, नाही तर पाकिस्तानशी लाहोरला!

न्यूझीलंडची पहिली बॅटिंग. आणि मग चेतन शर्मा. रदरफर्ड, इयान स्मिथ, चॅटफिल्ड... लागोपाठ तीन बॉल, तीन क्लीन बोल्ड. वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली हॅट्‌ट्रिक! इथं मामा नेहमी उभा राहतो आणि घरातला झाडू स्टंपसारखा आडवा करून दाखवतो.

टार्गेट २२२. ते ४२.२ ओव्हर्समध्ये गाठलं तर ग्रुपमध्ये नंबर वन. अंगात ताप असलेला गावसकर ओपनिंगला आला. टेस्टमध्ये चौतीस सेंच्युऱ्या मारलेल्या या माणसाच्या नावावर वन-डेत एकही सेंच्युरी नव्हती. त्यानं त्या दिवशी ८८ बॉल्समध्ये नाबाद १०३ ठोकल्या. चॅटफिल्डला तर लागोपाठ दोन सिक्स आणि दोन फोर! श्रीकांतच्या ७५. काम ३२.१ ओव्हर्समध्येच फत्ते. गावसकरची १०८ वन-डेंमधली ही एकुलती एक सेंच्युरी, तीही करिअरच्या शेवटून दुसऱ्या वन-डेत.

सेमीफायनल मुंबईला झाली आणि इंग्लंडनं आपल्याला हरवलं, हे मामा सांगत नाही. त्याची गोष्ट नागपूर स्टेशनवर संपते. प्लॅटफॉर्मवर अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती म्हणे.

दुसरं तिकीट

२६ नोव्हेंबर १९९५, रविवार. पुन्हा न्यूझीलंड, सिरीजमधली पाचवी वन-डे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मामाचं लग्न झालेलं, मोठी मुलगी वर्षाची. मॅच पाहायला तो आणि तोच दोस्त.

न्यूझीलंडनं ५० ओव्हर्समध्ये ८ बाद ३४८ केल्या. नेथन ॲस्टलच्या ११४. आज आयपीएलच्या जमान्यात हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळी वन-डेत साडेतीनशे म्हणजे ऐकूनच धडकी भरायची. इनिंग संपली, जेवणाची सुट्टी झाली. लोक डबे उघडत होते, पाय मोकळे करायला उठत होते. त्याच सुट्टीत ईस्ट स्टँडमधली भिंत कोसळली. माणसं वरून खाली पडली. किमान नऊ जण गेले, कितीतरी जखमी झाले.

मामा दुसऱ्या बाजूच्या स्टँडमध्ये होता. त्याला पलीकडे गडबड दिसली, इतकंच. कुणी म्हणालं मारामारी झाली, कुणी म्हणालं मंडप पडला. पोलीस धावताना दिसले. थोड्या वेळानं अंपायर मैदानात आले, प्लेअर्स आले आणि मॅच सुरू झाली. ती पूर्णही झाली. आपण ९९ रन्सनं हरलो.

‘तुम्हाला काहीच कळलं नाही?’ मी विचारलं.

‘माहीत असतं तं बसलो असतो का आम्ही?’ मामा म्हणाला. मग डब्याचं झाकण लावता लावता हळूच म्हणाला, ‘टाळ्या वाजवून राहिलो होतो ना आम्ही, पोरी.’

खरी गोष्ट त्याला स्टेशनवर कळली. इकडे दरेकशाला बातमी त्याच्याआधी पोचली होती. रेल्वे क्वार्टर्समध्ये एकाच घरी टीव्ही. संध्याकाळी कुणीतरी धावत येऊन आजीला सांगितलं, ‘नागपुरात स्टेडियम पडलं.’ भिंत पडली नव्हे, स्टेडियम पडलं! मोबाइल नव्हते, क्वार्टरमध्ये फोन नव्हता. आजी आणि मामी प्लॅटफॉर्मवर जाऊन बसल्या. आई तेव्हा कॉलेजात होती, ती सांगते की त्या रात्री येणाऱ्या प्रत्येक मालगाडीच्या आवाजाला आजी उठून उभी राहायची. मालगाडीतून माणूस उतरत नाही हे ठाऊक असूनही.

शेवटी रेल्वेच कामी आली. मामानं नागपूरला डिव्हिजनच्या कंट्रोलमधल्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं. कंट्रोलच्या फोनवरून निरोप निघाला. गाड्यांच्या वेळांच्या मधे कुठंतरी तीन शब्द सरकवले गेले: ‘दोघं ठीक आहेत.’ रात्री दहाच्या सुमारास दरेकशाच्या स्टेशन मास्तरांनी ते आजीला येऊन सांगितले.

त्यानंतर मामा कधीच ग्राउंडवर गेला नाही.

मॅच चालूच राहिली

ग्राउंडनं मात्र खेळणं सोडलं नाही. अवघ्या तीन महिन्यांनी, १ मार्च १९९६ला तिथं वर्ल्ड कपची मॅच झाली, ऑस्ट्रेलिया विरुद्ध झिम्बाब्वे. पुढची दहा-बारा वर्षं तर या ग्राउंडची ऐन भरातली. २०००मध्ये सचिनची नाबाद २०१ आणि उत्तरादाखल झिम्बाब्वेच्या अँडी फ्लॉवरची नाबाद २३२. फॉलोऑन मिळालेल्या टीमनं मॅच वाचवली! २००४ची ती हिरवीगार पिच आठवतेय? आदल्या दिवसापर्यंत पिचवरूनच चर्चा, कॅप्टन गांगुली ऐनवेळी बाहेर, आणि गिलेस्पीनं आपली पार वाट लावली. ऑस्ट्रेलिया ३४२ रन्सनं जिंकली. तब्बल पस्तीस वर्षांनी त्यांनी भारतात टेस्ट सिरीज घेतली, ती नागपुरात.

मार्च २००६मध्ये इथली शेवटची टेस्ट झाली. इंग्लंडचा ॲलिस्टर कुक नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा वेस्ट इंडीजहून विमान बदलत बदलत आला आणि पदार्पणातच सेंच्युरी मारून गेला. माँटी पानेसरला पहिली विकेट मिळाली ती थेट सचिनची. वसीम जाफरनं दुसऱ्या इनिंगमध्ये १०० केल्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. १४ ऑक्टोबर २००७ला ऑस्ट्रेलियाविरुद्धची वन-डे झाली, आपण १८ रन्सनं हरलो, आणि या ग्राउंडवरचं इंटरनॅशनल क्रिकेट संपलं.

नोव्हेंबर २००८मध्ये जामठ्याचं नवं स्टेडियम सुरू झालं. पहिलीच टेस्ट, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, आणि तीच गांगुलीची शेवटची. जागा ऐसपैस, गेट रुंद, शहरापासून लांब. चारही बाजूंनी वस्तीनं वेढलेल्या जुन्या ग्राउंडला हे सगळं मिळणं शक्य नव्हतं.

आता यावर दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘काय मजा होती यार सिव्हिल लाइन्सला! मॅच शहराची होती, आता ती गाडीवाल्यांची झालीय.’ दुसरा म्हणतो, ‘निदान निवांत बसता तरी येतं.’ मी आतापर्यंत पहिल्या गटात होते. चालत जाता येणारं ग्राउंड ही शहराची श्रीमंती असते, असं मला अजूनही वाटतं. रात्रीच्या पॅसेंजरनं येणाऱ्या बावीस वर्षांच्या पोरानं जामठ्याला जायचं कसं आणि परत यायचं कसं? पण मामाचं दुसरं तिकीट हातात घेतल्यापासून मी ‘काय मजा होती’ हे वाक्य जरा सांभाळून वापरते.

आठवणीतली जागा

जुन्या व्हीसीएवर गप्पा निघाल्या, की हॅट्‌ट्रिक येते, गावसकर येतो, कुक येतो. भिंत सहसा येत नाही. मी माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारून पाहिलं. टेबलावर सहा जण, सगळे क्रिकेटवेडे. पाच जणांनी ही गोष्ट ऐकलीच नव्हती. सहावा म्हणाला, ‘हो, बाबा काहीतरी सांगायचे.’

बाकीची शहरं काय करतात? कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८०ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगालच्या मॅचला गोंधळ झाला आणि १६ प्रेक्षक गेले. तिथले फुटबॉलप्रेमी दरवर्षी त्या दिवशी रक्तदान करतात. इंग्लंडमध्ये १९८९च्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. त्यांची नावं ॲनफिल्डवरच्या स्मारकावर कोरलेली आहेत. त्यानंतर तिथल्या वरच्या दर्जाच्या लीगमधले उभं राहून मॅच पाहायचे स्टँडच बंद झाले, प्रत्येकाला खुर्ची आली. म्हणजे आठवण ठेवणं हा नुसता हळवेपणा नाही. आठवण ठेवली, तरच गेट किती रुंद हवं आणि कठडा किती पक्का हवा, असले रुक्ष प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात.

ते विचारले गेले नाहीत तर काय होतं, हे ४ जून २०२५ला बंगळुरूत दिसलं. आयपीएल जिंकल्याचा जल्लोष, भर शहरातलं चिन्नास्वामी स्टेडियम, गेटबाहेर चेंगराचेंगरी, ११ मृत्यू. त्या दिवशीही आत कार्यक्रम चालूच होता. बातमी पाहताना मामानं टीव्ही बंद केला, असं मामीनं मला फोनवर सांगितलं.

चौकट: ग्राउंडची डायरी

१९६९: पहिली टेस्ट, न्यूझीलंडचा भारतातला पहिला टेस्ट विजय.
१९८६: श्रीलंकेविरुद्ध एक डाव आणि १०६ रन्सनी विजय, वेंगसरकर १५३, मणिंदरसिंगच्या दुसऱ्या डावात ५१ रन्समध्ये ७ विकेट्स.
१९८७: चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक, गावसकरची सेंच्युरी.
१९९५: ईस्ट स्टँडमधली भिंत कोसळून प्रेक्षकांचा मृत्यू.
२००४: ऑस्ट्रेलियाचा सिरीज विजय.
२००६: शेवटची टेस्ट.
२००७: शेवटची वन-डे.

जुनं ग्राउंड, नवी पोरं

जुनं व्हीसीए बंद पडलेलं नाही. विदर्भाच्या देशांतर्गत मॅचेस तिथं होतात. मोठे सामने लांब गेले, पण शिकणारी पोरं शहरातच राहिली. रणजीत साठ वर्षं धडपडणाऱ्या विदर्भानं १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा ट्रॉफी उचलली. कॅप्टन फैज फजल, कोच चंद्रकांत पंडित, फायनलमध्ये हॅट्‌ट्रिक रजनीश गुरबानीची. आणि विजयी फटका कुणाचा? वसीम जाफरचा. तोच तो, २००६वाला! पुढच्याच सीझनला पुन्हा ट्रॉफी, आणि २०२५ला केरळविरुद्ध तिसरी. या शेवटच्या दोन्ही फायनल जामठ्यालाच झाल्या.

गेल्या हिवाळ्यात जुन्या ग्राउंडवर मॅच होती. मी सुट्टी टाकली आणि मामाला फोन केला. तो आधी नाहीच म्हणाला. ‘काऊन उगाच?’ दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, ‘गाडी कितीची पकडू?’

स्टेशनवरून आम्ही चालतच गेलो. तिकीट नव्हतंच. आत शंभरेक माणसं असतील. पेपर वाचणारे रिटायर्ड काका, बॅट घेऊन आलेली दोन शाळकरी पोरं, लॅपटॉप उघडून बसलेला एक वर्क-फ्रॉम-होमवाला. मामानं बसायची जागा निवडायला बराच वेळ घेतला. शेवटी गेटजवळची, कडेची सीट पकडली. मला तेव्हा लक्षात आलं, लग्नाच्या हॉलमध्ये, थिएटरमध्ये, देवळाच्या मंडपात, तो नेहमी दाराजवळच बसतो. मला वाटायचं, त्याला लवकर निघायची घाई असते.

मामीनं डबा दिला होता. पोळ्या आणि लसणाची चटणी. अकराच्या सुमारास विकेट पडली. काकांनी पेपर खाली ठेवला, पोरं उड्या मारायला लागली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानं आधी वळून ईस्ट स्टँडकडे पाहिलं. मग त्यानंही वाजवल्या.